परशुराम खुणे यांना परशुराम खुणेच राहू द्या

गेल्या हंगामात पुण्याहून आलेल्या एका नाट्यप्रेमी पाहुण्यांना मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या एका गावी नाटकाला घेऊन गेलो होतो. पौषातली थंडी होती. रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि दुसरा अंक रंगात आला होता. सोयरीक मोडलेल्या बापाचं काम करणारा साठीचा नट डोक्यावरचं नवं पागोटं सोडून त्याची घडी घालत होता. दुकानदाराला परत न्यायचं असावं तशी, काठाला काठ जुळवून. तोंडातून एक शब्द नाही. समोर दीड-दोन हजार माणसं श्वास धरून बसलेली. तेवढ्यात पाहुणे माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "माणूस भारी आहे हो. मुंबईत असता तर कुठल्या कुठे गेला असता!"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कळतं. ते कौतुकच करत होते. पण हे कौतुक मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहे आणि दर वेळी ते मला टोचतं. कुठल्या कुठे म्हणजे नेमकं कुठे? त्याच्यापुढे तिकीट काढून बसलेली माणसं होती आणि पहाट होईपर्यंत त्यांतलं कोणी उठणार नव्हतं. नटानं याच्या पुढे कुठं जायचं असतं, ते मला एकदा कोणी नीट दाखवून द्यावं.

25 जानेवारी 2023 ला पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांचं नाव तीत होतं. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीच्या, नटाला पद्मश्री! आमच्याकडे त्या रात्री माणसांनी एकमेकांना फोन करकरून ही बातमी सांगितली. दुसऱ्या दिवसापासून बातम्या वाचायला घेतल्या, तर जिकडेतिकडे त्यांची ओळख एकच: ‘विदर्भाचे दादा कोंडके’. कुठे ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’. आणि त्यांच्या रंगभूमीचं नाव काय, तर ‘झाडीवूड’. पाच हजारांहून जास्त प्रयोग आणि आठशे भूमिका करून हा माणूस राष्ट्रपती भवनापर्यंत पोचला, तरी त्याची ओळख करून द्यायला दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागली.

या टोपणनावाच्या पाठीशी एक पक्कं मत आहे. ते कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच मांडतो. नाटक पुण्या-मुंबईत होतं, इतर ठिकाणी हौस होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जे चालतं ती जत्रेतली करमणूक आहे. भडक, ओरडून बोललेली, रात्रभर ताणलेली, मधे मधे नाच घुसडलेली. तिथे एखाददुसरा नट गुणी निघतो, पण तो बिचारा तिथेच अडकून पडतो. त्याचं मोल कळायचं तर शहरातल्या कोणाशी तरी त्याला जोखावं लागतं. आणि हे सगळं आता मरणपंथाला लागलं आहे, तेव्हा त्याच्याकडे थोडं दयेनं पाहावं. असं हे मत आहे. त्यातलं एकही वाक्य टिकणारं नाही.

दादांपासून सुरुवात करतो, कारण दादांवर माझंही प्रेम आहे. मुंबईच्या कामगार वस्तीत वाढलेल्या या माणसानं वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे प्रयोग गाजवले, 1971 च्या ‘सोंगाड्या’नंतर पडदा गाजवला, गाणी लिहिली, एकामागून एक चित्रपटांचे रौप्यमहोत्सव केले. म्हणूनच ‘दादा कोंडके’ एवढं म्हटलं की पुरतं, पुढे काही सांगावं लागत नाही. हेच मला खुण्यांसाठी हवं आहे. दोघं हसवतात, एवढं एक साम्य सोडलं तर या दोन आयुष्यांत जुळणारं काय आहे? चित्रपटात एकदा केलेलं काम डब्यात बंद होऊन गावोगाव जातं. खुणे यांना प्रत्येक गावी स्वतः जावं लागलं. कालच्या गावातला हशा आजच्या गावात उपयोगी पडत नाही, तो पुन्हा मिळवावा लागतो. ज्याचं जगणंच वेगळं, त्याला दुसऱ्याच्या नावाचा अंगरखा चढवून आपण त्याचा कोणता मान करतो?

कोणी म्हणेल, झाडीपट्टीतले लोकच त्यांना तसं म्हणतात. खरं आहे. प्रेमानं म्हणतात, जाहिरातींतही छापतात, आणि त्या प्रेमाशी माझं भांडण नाही. पण आपल्या माणसाची थोरवी पटवायला आपल्यालाच बाहेरचं नाव घ्यावं लागावं, ही सवय आपल्याला कोणी लावली? पन्नास वर्षं समोरच्यानं ‘तिकडचा तो कोण?’ असं विचारलं की माणूस आपोआप तुलना तोंडाशी ठेवतो. ‘झाडीवूड’चंही तसंच. 2022 मध्ये तृषांत इंगळे यांनी याच रंगभूमीवर ‘झॉलीवूड’ हा चित्रपट केला. आपल्या मातीवर चित्रपट निघाला याचा मला आनंद झाला, पण तेही नाव हॉलीवूडच्याच शेपटीला बांधलेलं. घनदाट झाडीचा हा मुलूख पिढ्यान् पिढ्या ‘झाडी’ म्हणून ओळखला जातो. ज्या नावात इतकं जंगल आहे, त्याला अमेरिकेतल्या उपनगराचं शेपूट कशाला?

आता त्या पाच हजार प्रयोगांचा हिशेब करू. झाडीपट्टीचा हंगाम धानाच्या मागून येतो. धान कापून, चुरून घरात आलं, दिवाळी झाली, भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागल्या की नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. नटाला चांगल्या हंगामात शंभर रात्री मिळतात असं धरलं, तर पाच हजार प्रयोगांना पन्नास हंगाम लागतात. पन्नास हिवाळे या माणसानं रात्र जागून काढले आहेत. दिवसा पुढच्या गावचा प्रवास, वाटेत झोप, संध्याकाळी तोंडाला रंग. आज सासरा, उद्या भुत्या, परवा तळीराम. आणि हंगाम संपला की घरी शेती असतेच, कारण खुणे शेतकरी आहेत.

इंग्लंडात याच पद्धतीला रेपर्टरी म्हणतात. ठरलेली नटमंडळी, भराभर बदलणारी नाटकं, आज राजा झालेला उद्या नोकर. लॉरेन्स ऑलिव्हिएसारखा नट 1920 च्या दशकात बर्मिंगहॅमच्या अशाच एका रेपर्टरीत घडला, आणि तिथले लोक हे अभिमानानं सांगतात. आमचा नट हेच गडचिरोलीतल्या वडशाला करतो तेव्हा त्याला ‘हंगामी कलाकार’ म्हणतात. हंगामी मजूर म्हणावं तसं.

मग म्हणतात, ते ओरडून बोलतात. हो, मोठ्यानं बोलतात. पण असं म्हणणाऱ्यानं कधी त्या जागेत शेवटच्या माणसाजवळ बसून नाटक पाहिलं आहे का? मी लहानपणी पाहिलं आहे. तेव्हा बांधीत मोठा उतरता खड्डा खणायचे. खणलेल्या मातीचं स्टेज, आणि खड्ड्याच्या उतारावर प्रेक्षक, म्हणजे मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं. खाली तणस पसरलेलं, त्यावर घरून आणलेली सतरंजी, पांघरायला गोधडी, आईच्या मांडीवर झोपलेलं पोर. कनातीबाहेर भज्यांचा घाणा. स्टेजवर दोरीनं टांगलेला माईक, आणि ज्याचं वाक्य असेल त्यानं त्या माईकखाली यायचं. आता खुर्च्या आल्या, ध्वनियंत्रणा सुधारली, पण आभाळ तेच आहे. चार भिंतींत तीनशे माणसांपुढे पुटपुटता येतं. उघड्या रानात हजारांपुढे आवाज लावावाच लागतो. हे त्या जागेचं शास्त्र आहे. ग्रीकांच्या डोंगरउतारावरच्या नाट्यगृहांना आपण हेच शास्त्र लावतो आणि मान डोलावतो. आणि त्या पागोट्याच्या घडीचं काय? तिला कुठे आवाज होता? मोठ्यानं बोलायचं कधी आणि गप्प राहायचं कधी हे ज्याला कळतं, त्याच्या अभिनयाला भडक कसं म्हणता?

रात्रभर ताणतात, गाणी फार असतात, ही दुसरी तक्रार. ती ऐकली की मला नवल वाटतं, कारण ती करणारी माणसं मराठी संगीत नाटकाच्या सुवर्णकाळावर तासन् तास बोलतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत सुरुवात केली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं. त्या काळच्या नाटक मंडळ्या बिऱ्हाड गाडीत घालून गावोगाव फिरत. प्रयोग रात्र सरेपर्यंत चालत. वन्समोअरनं पदं लांबत. नटाला गाता यावंच लागे. पेटी-तबल्याची साथ समोर जिवंत असे. यातली कोणती गोष्ट आज झाडीपट्टीत नाही? शहरांनी ही परंपरा सोडली, तिला काचेच्या कपाटात ठेवलं आणि वर्षातून एकदा तिच्या महोत्सवाला जाऊन डोळे पुसू लागले. इकडे ती रोज रात्री पोट भरते आहे. जे पुण्यात घडलं म्हणून वैभव ठरलं, ते कुरखेड्यात घडलं की मागासलेलं कसं ठरतं?

राम गणेश गडकऱ्यांचं दारूवरचं ‘एकच प्याला’ घ्या. गडकरी 1919 च्या जानेवारीत सावनेरला, म्हणजे विदर्भातच गेले. नाटक रंगभूमीवर आलं ते त्यांच्यामागे, पुढच्याच महिन्यात. खुणे यांनी त्यातला दारुडा तळीराम झाडीपट्टीत केला. आता जरा प्रेक्षक कोण होते ते पाहा. गडचिरोलीत दारूबंदी 1993 पासून आहे. ती गावोगावच्या माणसांनी झगडून मिळवली. चंद्रपुरात बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये ती सरकारनं उठवलीही. ज्या बाईनं नवऱ्याची बाटली फोडली, मार खाल्ला, मोर्चात चालली, ती समोर तणसावर बसली आहे आणि स्टेजवर तळीराम हसवतो आहे. ती हसते, आणि हसता हसता तिला काय काय आठवतं ते तिचं तिला ठाऊक. अशा प्रेक्षकापुढे तळीराम करणाऱ्याला बाहेरून जाऊन कोणी नाट्यशिक्षण द्यायचं? मला तर वाटतं, गडकऱ्यांच्या त्या पात्राला इतका जवळचा प्रेक्षक दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल.

नाचाचं सांगतो, कारण तो मुद्दा टाळला तर मी खोटा ठरेन. ‘डान्स हंगामा’ नावाचं जे प्रकरण पूर्व विदर्भात पसरलं आहे, ते मलाही नको आहे. त्यात मुलींची विटंबना होते आणि पैसा कमावणारे वेगळेच असतात. पण ते नाटक नाही. त्याचा तंबू वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, आणि झाडीपट्टीची नाटक मंडळं त्याच्यामुळे गिऱ्हाईक गमावतात. मंडळांनी गर्दीच्या ओढीनं नाटकात लावण्या वाढवल्या, एवढा दोष मी मान्य करतो. त्यापुढे एक पाऊल नाही. शहरात चावट विनोदावर चालणारी नाटकं कमी आहेत का? त्यांच्यावरून कोणी पुण्या-मुंबईच्या सगळ्या रंगभूमीला अश्लील म्हणत नाही. मग आमच्याच वाट्याला हा न्याय का?

आणि ती दया! ‘लोप पावत चाललेली लोककला.’ एकदा नोव्हेंबरात वडशाला या. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचं हे स्टेशन, गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आली ती इथे, म्हणून मंडळांनी इथेच बस्तान बसवलं. गावात पन्नासेक नाट्य मंडळांची ऑफिसं आहेत. गावोगावचे पोरं-म्हातारे तिथे येतात, नाटक निवडतात, नट कोण ते विचारून घेतात, तारीख धरतात, इसार देतात. मग गाव तिकिटं विकतं. दोन पैसे उरले तर ते शाळेला, देवळाला, गावाच्या कामाला जातात. नाटकाच्या दिवशी घरोघर पाहुणे असतात. लेकी माहेरी येतात, मुली पाहिल्या जातात, सोयरिकी जुळतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, शंकरपट बंद पडले. पटाच्या आधारानं नाटक उभं होतं, आता तेही संपणार असं पुष्कळांनी म्हटलं. नाटकानं मंडईचा हात धरला आणि ते चालत राहिलं. 2021 च्या डिसेंबरात पट पुन्हा सुरू झाले तेव्हा नाटक तिथे होतंच. करोनानं हाल केले, नटांवर मजुरीला जायची पाळी आली, तरी पडदा पुन्हा वर गेला. स्वतःचं तिकीट विकून जगणाऱ्या रंगभूमीची कीव अनुदानाच्या फायली घेऊन फिरणाऱ्यांनी करावी?

याच मुलखात नट, कवी आणि गायक ही तीन माणसं पुष्कळदा एकाच अंगात राहतात. चंद्रपूरचे अनिरुद्ध वनकर गाणं लिहितात, गातात, नाटक लिहितात आणि त्यात उभे राहतात. बाबासाहेबांच्या चळवळीतून आलेली त्यांची गाणी आणि ‘घायाळ पाखरा’ हे नाटक इथे कोणाला माहीत नाही? नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर ‘आत्महत्या’ याच नावाचं नाटक केलं, ज्यांच्या घरात ते घडू शकतं त्यांच्यासमोर केलं. एकाच अंगी लिहिणं, गाणं आणि अभिनय असलेला माणूस परदेशात जन्मला असता, तर त्याच्यावर आपल्या पुरवण्यांनी रंगीत पानं काढली असती, त्याचं बालपण, पहिलं गाणं, पहिली भूमिका सगळं छापलं असतं. इथल्या माणसाबद्दल दोन ओळी येतात आणि त्यांत एक ओळ तुलनेची असते.

दुसरी ओळ नक्षलवाद्यांची असते. ‘नक्षलग्रस्त भागातला कलाकार.’ खुणे यांनी वाट चुकलेल्या तरुणांच्या पुनर्वसनासाठी काम केलं, पद्मश्रीच्या वेळी त्याचीही नोंद घेतली गेली, आणि ते काम मोठंच आहे. पण गडचिरोलीबद्दल बोलताना बंदुकीशिवाय वाक्यच पुरं होत नाही, याचा मला उबग आला आहे. हा जिल्हा 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून वैनगंगेच्या काठी दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्यं रात्री जागवत होती. त्या दंडारीच्या पोटातून हे नाटक आलं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालून इथल्या दंडारीचा आणि झाडीबोलीचा अभ्यास केला. डोळ्याला ‘डोरा’ म्हणणारी ही बोली हास्य कलाकाराच्या तोंडी आली की शामियान्यात कसं चैतन्य येतं, ते एकदा ऐकावं. खुणे पन्नास वर्षं हसवत आले ते या बोलीच्या बळावर. त्या बोलीचं मुंबईत काय झालं असतं? घरगड्याच्या तोंडी दोन वाक्यं, तीही चुकीच्या हेलात.

माझी खरी तक्रार तर वेगळीच आहे. आठशे भूमिका म्हणतो आपण, पण त्यांतल्या किती भूमिकांची संहिता छापलेली आहे? किती प्रयोगांचं नीट चित्रण आहे? पदं कोणी लिहिली, चाली कोणी लावल्या, हे किती ठिकाणी नोंदलं आहे? मंडळाच्या ट्रंकेत हातानं लिहिलेल्या वह्या असतात, दरसाल थोड्या उंदीर खातात, थोड्या पावसात जातात. मराठी रंगभूमीचे जाडजूड इतिहास मी वाचले आहेत. झाडीपट्टी सापडली तर मागच्या पानांत, लोककलांच्या रांगेत सापडते. व्यावसायिक रंगभूमीच्या प्रकरणात तिला जागा नाही. तिकीट विकून, नटाला नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, देऊन, हंगामभर रोज प्रयोग करणारी रंगभूमी व्यावसायिक नसेल, तर व्यावसायिक या शब्दाचा अर्थ काय उरतो? ही कला हरवते आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी या वह्या वाचवाव्यात. आणि यापुढे खुणे यांच्यावर लिहिताना, ‘नट परशुराम खुणे, गुरनोली’ एवढं लिहावं. वाचणाऱ्याला ते कोण हे ठाऊक नसेल, तर त्यानं विचारावं, शोधावं. कोंडके कोण हे आमच्या आज्यांनीही विचारूनच घेतलं होतं.

त्या रात्रीचं नाटक साडेपाचला संपलं. आम्ही मागच्या कनातीत गेलो. तो पागोट्याचा नट पाटावर बसून खोबरेल तेलानं तोंडाचा रंग काढत होता. शेजारी पितळी गिलासात चहा. पाहुण्यांनी मनापासून त्याचे हात हातात घेतले आणि शेवटी विचारलंच, "मुंबईला का नाही गेलात कधी?"

"गेलो होतो जी," तो कपाळाची काळी रेघ पुसत म्हणाला. "एका शिरेलीत काम होतं. तीन दिवस बसवून ठेवलं, एक वाक्य होतं. इकडे माया तारखा बुडून रायल्या होत्या. वापस आलो."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं पागोटं उचललं, घडी मोडली आहे का ते पाहिलं, आणि पेटीवाल्याला विचारलं, आज रात्री बाप आहे की पाटील.